कोजागिरीला दिसलेली दीर्घिका

"चंद्र दाखवा की, सर," ढाणे म्हणाले. "एवढा समोर उभा आहे बिचारा."

"चंद्र कुणीही बघतं," मी म्हणालो. "आज आपण त्याच्या पलीकडं जाणार आहोत."

हे वाक्य मी दुपारी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. तिथं ते चांगलं वाटलं होतं.

कोजागिरी होती. साताऱ्यातल्या आमच्या सोसायटीची सगळी कुटुंबं गच्चीवर सतरंज्या टाकून बसली होती. कोपऱ्यात शेगडीवर दूध आटत होतं. खरं तर लक्ष्मी मध्यरात्री येते आणि कोण जागं आहे असं विचारते. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कामावर जायचं असल्यामुळं आमच्या सोसायटीनं तिला साडेनऊची वेळ दिली होती. त्याआधी हाऊजी, आणि हाऊजीच्या आधी, नोटीस बोर्डावर ढाण्यांनी स्वहस्ते लिहिल्याप्रमाणे, 'फडतरे सरांचे आकाशदर्शन'. ढाणे म्हणजे आमचे चेअरमन, सिमेंटचे व्यापारी. फडतरे म्हणजे मी. कॉमर्स कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होतो आणि ऑगस्टपासून आकाशनिरीक्षक होतो.

ज्याला साताऱ्याचा ऑगस्ट माहीत आहे त्याला यातली गोम कळेल. दुर्बीण घरात आली त्या दिवशी ढग आले आणि दसऱ्यापर्यंत राहिले. तोवर मी तिच्यातून अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा मनोरा, समोरच्या बिल्डिंगवरची पाण्याची टाकी आणि एकदा चुकून त्याच बिल्डिंगमधल्या बाबरांचं स्वयंपाकघर, एवढंच पाहिलं होतं. बाकीचं विश्व मी पुस्तकात पाहिलं होतं. पुस्तकातल्या विश्वाला ढग नसतात, त्यामुळं माझा अभ्यास फार भराभर झाला.

काय दाखवायचं हे मी आठवडाभर ठरवत होतो. इंटरनेटवर एक यादी सापडली होती: चंद्र, शनी, कृत्तिका, झालंच तर देवयानी. वर लिहिलं होतं, 'नवशिक्यांसाठी'. तो शब्द वाचून मी ते पान बंद केलं. दुसऱ्या पानावर फोटो होते. त्यात त्रिकोण नावाच्या तारकासमूहातली एक दीर्घिका होती. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं बेट. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत हिचा नंबर एम ३३. फोटोत तिनं निळे हात पसरले होते आणि अंगभर गुलाबी ठिपके होते. खाली तिच्या तेजाचा आकडा दिला होता, तोही उत्तम होता. हॉटेलात मेनूकार्डावरचा फोटो बघून माणूस पदार्थ मागवतो, तशी मी ती मागवली.

गच्चीवर दुर्बीण लावली, ताऱ्यांवरून वाट काढत त्रिकोणापर्यंत गेलो आणि आयपीसला डोळा लावला. आत उजेड होता. नुसता उजेड, पातळ ताकासारखा. ताकात काहीही नव्हतं. मी नळी जरा डावीकडं नेली, जरा उजवीकडं नेली. ताक सगळीकडं सारखं होतं.

मान वर केली तर मागं रांग लागलेली.

"सापडलं?" ढाण्यांनी विचारलं.

"सापडलं," मी म्हणालो.

पहिला मान बायकोचा. वृंदानं डोळा लावला, थोडा वेळ थांबली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, यात काही नाहीये."

"बारकाईनं बघ."

तिनं माझ्या तोंडाकडं बारकाईनं बघितलं. मग सरळ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "किती सुंदर! खरंच बघण्यासारखं आहे."

नंतर ढाणे. ते बराच वेळ वाकून राहिले. "कुठंय म्हणायचं हे?"

"मधोमध. फिकट आहे, कापसाच्या बोळ्यासारखं," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य आरशासमोर म्हणून न बघताच माझ्या तोंडून गेलं. "ज्याची नजर चांगली आहे त्याला लगेच दिसतं."

ढाण्यांना लगेच दिसलं. "आयला, दिसलं की! लई भारी!" त्यानंतर आमच्या सोसायटीत एकाचीही नजर वाईट निघाली नाही. रांग भराभर पुढं सरकली. कुणी म्हणालं, देवाची करणी. कुणी म्हणालं, टीव्हीवर दाखवतात त्याच्यापेक्षा चांगलं दिसतं. बाबरवहिनी खास समोरच्या बिल्डिंगमधून आल्या होत्या. त्यांना ती हळूहळू फिरतानासुद्धा दिसली. मी सगळ्यांना मान डोलावून दाद देत होतो.

"मग ही परीक्षाच झाली म्हणायची," मागून आवाज आला. "बरं झालं. एकदाचा निकाल लागू दे."

खटावकरकाका. आमच्याच जिन्यात, वरच्या मजल्यावर राहायचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्याकडं हातानं गिअर टाकायची जुनी स्कूटर होती आणि ती दर रविवारी खाली हौदापाशी घासूनपुसून उभी असायची. उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. गणपतीच्या सुमारास पोवई नाक्यावर त्यांची स्कूटर एका टेंपोला घासली आणि मागं बसलेल्या प्रमिलाकाकूंच्या पायाला खरचटलं. तेव्हापासून पुण्याहून त्यांच्या मुलाचा, हेमंतचा, एकच धोशा होता: बाबा, डोळे गेलेत तुमचे, स्कूटर विका. काकांचं एकच उत्तर होतं: डोळे नवे आहेत, टेंपो जुना होता. हे सगळं आख्ख्या जिन्याला तोंडपाठ होतं, कारण काका फोनवर पुण्याला थेट ऐकू जाईल असं बोलत.

काकांनी खिशातून स्कूटरची चावी काढून सगळ्यांना दाखवली. "ढाणे, तुम्ही साक्षीदार. सगळ्यांना दिसलंय ते मला दिसलं तर हेमंतनं पुन्हा विषय काढायचा नाही. नाही दिसलं तर ही चावी हिच्या हातात. उद्यापासून मी रिक्षानं."

"काका, असं काही..." मी म्हणालो.

"बाजूला व्हा, फडतरे."

"काय हो काका, तुम्हाला दिसणारच," ढाणे म्हणाले. "मला दिसलं तर तुम्हाला का नाही?"

काकांनी डोळा लावला. मग चष्मा काढून लावला. मग दुसरा डोळा लावला. गच्ची शांत झाली होती. शेगडीवरच्या पातेल्यात पळी फिरत होती तेवढाच आवाज. त्यांचा हात स्टँडवर होता आणि बोटं घट्ट होत चाललेली मला चंद्राच्या उजेडात स्पष्ट दिसत होती. त्या उजेडात गच्चीवरचं सगळंच स्पष्ट दिसत होतं. फक्त आकाशात काही दिसत नव्हतं.

"कसं आहे म्हणालात?"

"फिकट," मी म्हणालो. "कापसासारखं."

"मधोमध?"

"मधोमध."

ते आणखी थोडा वेळ तसेच राहिले. खोटं बोलायला त्यांना काहीच अडचण नव्हती. आम्ही सगळ्यांनी तो रस्ता झाडून, सडा घालून ठेवला होता.

"मला नाही दिसत," काका म्हणाले आणि सरळ झाले. मग काकूंकडं वळले. "तुला दिसलं होतं ना गं?"

काकू रांगेत त्यांच्या आधी होत्या. त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं.

"दिसलं की," त्या म्हणाल्या. "पांढरं पांढरं. छान होतं."

काकांनी चावी त्यांच्या हातात ठेवली. काकूंनी ती कमरेला खोचली. "चला, हाऊजी!" ढाणे ओरडले, आणि सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. मी दुर्बिणीवर झाकण लावलं. हीच वेळ होती. 'काका, मलाही दिसत नाहीये' एवढंच म्हणायचं होतं. मी हाऊजीचं तिकीट घेतलं आणि साडेनऊला दुधाचा पेला. दूध चांगलं आटलं होतं, केशर जरा जास्त पडलं होतं.

खाली आल्यावर वृंदा म्हणाली, "आता तरी सांगा त्यांना."

"सकाळी सांगतो."

"सकाळी काय दीर्घिका उगवणार आहे?"

सकाळी बेल वाजली. दारात प्रमिलाकाकू. हातात ताटली, ताटलीत भोपळ्याचे घारगे, वर रुमाल.

"सर, एक विचारायचं होतं," त्या आत न येताच म्हणाल्या. "काल मला काही दिसलं नाही."

मी जिन्यात वरखाली बघितलं. "मलाही नाही," मी म्हणालो.

"ते कळलं मला. तुमच्या तोंडावर दिसत होतं. तेवढंच दिसत होतं काल." त्यांनी ताटली माझ्या हातात दिली. "पण ह्यांना सांगू नका."

"काकू, त्यांना वाटतंय डोळे गेले."

"डोळ्यांना काय धाड भरलीय! डोळे पहिल्यापेक्षा चांगले झालेत, तीच तर पंचाईत आहे. आधी धूसर दिसायचं तेव्हा जपून चालवायचे. ऑपरेशन झालं, स्वच्छ दिसायला लागलं, तसा अंगात वारा शिरला. साठच्या खाली काटा नाही. मी मागं बसते सर. लग्न झाल्यापासून बसतेय. पण हल्ली मी डोळे मिटून बसते. पोवई नाक्यावर टेंपो आला तोसुद्धा मी बघितला नाही, नुसता ऐकला."

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं की. म्हणाले, घाबरट आहेस." त्या जिन्याकडं वळल्या. "काल तुमच्या कृपेनं सुटले. घारगे गरम आहेत तोवर खा."

मी दार लावलं आणि खाल्ले. आता मी गप्प बसणार होतो ते भित्रेपणानं नव्हे, तर एका बाईच्या जिवासाठी. माझी अब्रू वाचवण्याचं काम इतक्या चांगल्या कारणासाठी करायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी पुस्तक नीट वाचलं. म्हणजे फोटो सोडून अक्षरं वाचली. तेजाचा आकडा बरोबरच होता, पण तो सगळ्या दीर्घिकेचा मिळून होता, आणि ही दीर्घिका आकाशात चंद्राहूनही रुंद पसरलेली. एका माणसाच्या भातावर वाढलेलं तूप वेगळं आणि तेच तूप आख्ख्या पंगतीला वाढलं तर वेगळं. अशी वस्तू बघायला काळं कुळकुळीत आकाश लागतं. आणि मी ती पौर्णिमेला लावली होती. पौर्णिमेतही कोजागिरीला. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकोनात बारीक अक्षरात 'अश्विनी' लिहिलं होतं. अश्विनी नक्षत्र त्रिकोणाच्या अगदी खाली, वीतभर अंतरावर. आश्विनातली पौर्णिमा म्हणजे चंद्र अश्विनीजवळ. महिन्याचं नावच त्यावरून पडलंय, आणि हे मी स्वतः वर्गात विषयांतर करून मुलांना अनेकदा सांगितलं होतं. वर्षातल्या सगळ्या रात्री सोडून मी नेमकी ती रात्र निवडली होती, जेव्हा चंद्र त्या बिचारीच्या उशाशी पेट्रोमॅक्सची बत्ती घेऊन बसतो. आपल्या लोकांचं हे असंच. आकाश बघायला आपण पौर्णिमा ठरवतो, आणि चांगली अंधारी अमावास्या मिळते तेव्हा लक्ष्मीपूजन करून गल्लीभर दिवे लावतो.

वरच्या मजल्यावर गोष्टी वेगळ्याच दिशेनं चालल्या होत्या.

काकांनी स्कूटर सोडली, इथवर ठरल्याप्रमाणं झालं. पण मग त्यांनी पेपर सोडला. सकाळी गॅलरीत बसून काकूंना वाचायला सांगू लागले. जिना उतरताना कठडा धरू लागले. ज्या माणसाला हौदापाशी उभी असलेली स्कूटर तिसऱ्या मजल्यावरून मळलेली दिसायची, तो आता पायरी बघून पाय टाकत होता. एकदा लाइटबिल घेऊन माझ्याकडं आले.

"तेवढी रक्कम वाचा हो, फडतरे."

"काका, तुम्हाला दिसतंय की."

"दिसतंय असं वाटतं," काका म्हणाले. "पण त्या दिवशीही मला सगळं दिसतंय असंच वाटत होतं."

मी वाचून दाखवली.

डॉक्टरांनी तपासून डोळे उत्तम असल्याचं सांगितलं. काकांचा विश्वास बसला नाही. "डॉक्टर अक्षरं दाखवतो. अक्षरं पाठ होतात माणसाला. तुमची दुर्बीण शास्त्रशुद्ध आहे." माझ्या दुर्बिणीवर एवढा विश्वास मीही कधी ठेवला नव्हता. आणखी एके दिवशी त्यांनी स्कूटर मला देऊन टाकली. "उभी राहून गंजेल. तुम्हाला कॉलेजला जायला होईल. ही दुर्बीणही कुठं कुठं नेता येईल." मी नको म्हणालो; दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी काकूंकडून आणलेली चावी माझ्या शर्टाच्या खिशात घातली. वृंदा त्या रात्री माझ्याशी जेवणापुरतंच बोलली.

दिवाळी झाली आणि प्रमिलाकाकू पुन्हा दारात. या वेळी ताटली नव्हती.

"सर, हे पुण्याला जायचं म्हणतायत. हेमंतकडं, कायमचं. घर बंद करायचं. म्हणाले, आंधळ्यानं मुलाजवळ राहावं. मला स्कूटर बंद करायची होती हो. माणूस नव्हता बंद करायचा."

"मग खरं सांगून टाकू या."

"आता? आता सांगितलं तर महिनाभर मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते, त्याचं काय? माझ्याशी जन्मात बोलायचे नाहीत." त्यांनी डोळे पुसले. "त्यांना काहीतरी दिसू द्या. आकाशात एवढं काय काय आहे म्हणता. काहीतरी दिसू द्या."

त्यानंतरचे पंधरा दिवस मी खरा अभ्यास केला. आयुष्यात पहिल्यांदा मी लक्ष्य निवडताना नाव, फोटो, भारदस्तपणा यांतलं काही बघितलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पहिल्या फटक्यात काय दिसेल एवढंच बघितलं. इंटरनेटवरचं ते 'नवशिक्यांसाठी'चं पान उघडलं. कृत्तिका ठरवल्या. डबीत हिऱ्याच्या कुड्या ठेवाव्यात तशा दिसतात, आंधळ्यालाही दिसतील. एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून माणूस किती शिकतो, याचा मी पुरावा होतो.

अमावास्येच्या संध्याकाळी काकांना यवतेश्वरच्या पठारावर न्यायचं ठरवलं. ते 'कशाला' म्हणाले, काकू 'जा की' म्हणाल्या. स्टँड स्कूटरवर माझ्या पायांपाशी, जिथं लोक गॅसचा सिलिंडर ठेवतात तिथं. काका मागं, दुर्बिणीची नळी पोटाशी धरून. आपल्याच स्कूटरवर पाहुण्यासारखे.

घाट चढायला लागलो तशी काकांची दृष्टी परत आली.

"गिअर उतरवा. ऐकू येतंय का इंजिन, रडतंय ते. हां. खड्डा आहे पुढं, डावीकडून घ्या."

"कुठं?" म्हणेपर्यंत आम्ही खड्ड्यात गेलो होतो.

"हा," काका म्हणाले.

वर गच्च अंधार होता. साताऱ्याचे दिवे डोंगराच्या कडेखाली राहिले होते आणि डोक्यावर जागा शिल्लक नव्हती इतके तारे. काका मान वर करून उभे राहिले. पाटबंधारे खात्यात असताना धरणांच्या साइटवर असं आकाश बघितलं होतं म्हणाले, त्यानंतर नाही. मी दुर्बीण लावली आणि कृत्तिकांकडं वळवली.

"या काका. बघा काय दिसतंय."

"काय लावलंय?"

"कृत्तिका."

"त्या मला अशाच दिसतायत," काकांनी वर बोट दाखवलं. "तेच लावा. कोजागिरीचं."

"ते जरा अवघड..."

"सगळ्यांना दिसलं होतं ना? ढाण्यांना दिसलं होतं. तेच लावा. जायच्या आधी एकदा बघतो. दिसलं तर दिसलं."

नाही म्हणायला कारण नव्हतं. होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. मी नळी जवळजवळ सरळ वर केली, गुडघे टेकून दगडांवर बसलो आणि शोधायला लागलो. पुस्तकात वाचलं होतं तसं थेट न बघता नजर जरा बाजूला ठेवली. काळं होतं. आणखी काळं. मग त्या काळ्यात एके ठिकाणी काळं जरा कमी झालं. पाटीवरचा खडू हातानं पुसल्यावर राहतो तेवढा डाग. मी नळीला हलकेच टिचकी मारली. डाग ताऱ्यांबरोबर हलला. खरा होता.

"अरे!" मी ओरडलो. "दिसली! काका, दिसली! अशी असते होय!"

पठारावर माझा आवाज लांबवर गेला. तो परत येईपर्यंत मला कळलं मी काय बोललो ते.

मी बाजूला झालो. ते चष्मा काढून खाली बसले.

"सरळ बघू नका," मी म्हणालो. "जरा बाजूला बघा."

"सरळ बघितलं की सापडत नाही. आमच्या खात्यातल्या फायलीसारखं." मग त्यांनी नजर जरा बाजूला नेली. "आहे. फिकट. वरच्या बाजूला जरा लांबट. कापूस म्हणालात तो हाच."

"हाच."

त्यांनी डोळा काढला नाही. आयपीसमध्ये बघत बघतच विचारलं, "तुम्ही आज पहिल्यांदा बघितली."

"हो."

"ढाण्यांनी?"

"कुणीच नाही, काका. त्या दिवशी दिसणं शक्यच नव्हतं. चंद्र होता शेजारी."

मला वाटलं ते चिडतील. मी त्यासाठी खाली मान घालून ठेवली होती. त्यांनी फक्त चष्मा घातला.

"हिलाही नाही, मग."

मी दुर्बिणीचं झाकण हातात घेतलं.

"ढाणे म्हणाले ते समजलं. त्यांना तुम्हाला वाईट वाटू द्यायचं नव्हतं. तुम्ही म्हणालात तेही समजलं. ही का म्हणाली?"

काकूंनी मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी त्यांचा शब्द पाळायला हवा होता. पण इतका काळ गप्प राहून मी कुणाचं भलं केलं होतं ते मला तिथं अंधारात सांगता येईना.

"काकू मागं डोळे मिटून बसतात," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"स्कूटरवर. ऑपरेशनपासून तुम्ही जोरात नेता. त्यांनी टेंपो बघितला नाही, ऐकला."

काका दगडावर बसून राहिले. खाली घाटात एक ट्रक चढत होता. त्याचे दिवे वळणांवर दिसायचे आणि जायचे.

"घाबरते म्हणाली होती," काका म्हणाले. "डोळे मिटते असं नाही म्हणाली." मग उठले आणि हात पुढं केला. "चावी."

मी दिली. मागं बसलो आणि नळी पोटाशी धरली. पहिल्या उताराला माझे डोळे आपोआप मिटले.

"फडतरे, डोळे उघडे आहेत का?"

"आहेत."

"उघडा."

मी उघडले. स्कूटर सायकलच्या वेगानं चालली होती. मागून गाड्या हॉर्न वाजवत पुढं जात होत्या. प्रत्येक वळणाआधी काका हॉर्न वाजवत, गिअर उतरवत आणि तेच विचारत. आयुष्यात इतक्या सुरक्षितपणे आणि इतक्या अपराधी मनानं मी घाट उतरलो नाही.

सोसायटीच्या फाटकाशी प्रमिलाकाकू उभ्या होत्या. स्कूटर कोण चालवतंय ते बघून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दुर्बीण घेऊन उतरलो. बघायला मला दुसरीकडं जागा नव्हती, म्हणून स्टँडकडं बघत राहिलो.

"बस," काका म्हणाले.

"आत्ता? कुठं?"

"बस तर."

काकू एका बाजूला पाय सोडून बसल्या, पदर सावरला. स्कूटर निघाली आणि बिल्डिंगला वळसा घालू लागली. इतकी हळू की शेजारून एखादा चालत गेला असता. एक फेरी झाली. दुसरी झाली. मी फाटकाशी उभा होतो. त्या समोरून गेल्या की प्रत्येक वेळी मी वाकून बघत होतो, काकूंचे डोळे उघडे आहेत का मिटलेले.

वरच्या गॅलरीतून ढाण्यांचा आवाज आला. "काय सर? आज दिसलं का काही?"

"नाही हो," मी म्हणालो. "मला काही दिसलं नाही."